पिशवीत नेमकं काय असतं? मुलांना रक्त कधी चढवायचं आणि कधी नाही

मागच्या पावसाळ्यात राधानगरीच्या बाजूनं एक बाप दीड वर्षाच्या पोराला घेऊन आला. हातात घडी पडून मऊ झालेला लॅबचा कागद, त्यावर हिमोग्लोबिन ५.८. गावात कुणीतरी बजावलं होतं, “पोरगं पांढरंफटक पडलंय, पहिलं रगात चढवून घे, बाकीचं मागनं बघू.” त्यामुळे खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं शर्टाची बाही वर सरकवली. “माझंच घ्या डॉक्टर. आमचा दोघांचा ग्रुप एकच हाय.” पोरगं तोवर टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढून तोंडात घालायच्या बेतात होतं.

मी रक्त चढवलं नाही. बापाला ते पटायला अर्धा तास गेला, आणि बाहेरच्या बाकावरची गर्दी चिडली. तो अर्धा तास इथे लिहून काढतोय. बालरोगतज्ज्ञ म्हणून कोल्हापुरात बसल्यापासून हा अर्धा तास मी इतक्या वेळा खर्च केलाय, की एकदा कागदावर उतरवलेला बरा.

सुरुवात पिशवीपासून करू. ज्याच्या घरचं दूध संस्थेला जातं त्याला हे समजावणं मला फार सोपं पडतं. डेअरीत सेपरेटरमध्ये दूध गरगर फिरवलं की साय एकीकडे होते, बाकीचं दूध एकीकडे. रक्तपेढीतही तेच यंत्र असतं, फक्त नाव सेंट्रिफ्यूज. दात्याच्या हातातून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त पिशवीत येतं आणि पिशवी जोरात फिरवली की जड लाल पेशी तळाला बसतात. वर राहतो पिवळसर प्लाझ्मा, आणि त्यातून प्लेटलेट्स वेगळ्या निघतात. म्हणजे एका माणसाच्या रक्तातून तिघांची गरज भागते. ‘रक्त चढवलं’ असं आपण म्हणतो, पण आजकाल अख्खं रक्त क्वचितच चढवतात. कुणाला लाल पेशी, कुणाला प्लेटलेट्स, कुणाला प्लाझ्मा. मुलाला यातलं नेमकं काय कमी आहे, हा पहिला प्रश्न. तो न विचारता पिशवी मागवणं म्हणजे दुकानात जाऊन ‘काहीतरी औषध द्या’ म्हणण्यासारखं.

तिन्हींचं टिकणंही वेगळं. लाल पेशी २ ते ६ अंशांच्या फ्रिजमध्ये, पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ ते ४२ दिवस. प्लाझ्मा उणे १८ अंश किंवा त्याहून थंड ठेवला तर वर्षभर. प्लेटलेट्सना मात्र थंडी सोसत नाही. त्या २० ते २४ अंशांना, सतत हलत्या ट्रेवर, आणि फक्त ५ दिवस. आता आपल्याकडचं बघा. शाहू जयंतीला २६ जूनला, शिवजयंतीला, एखाद्या तालमीच्या वर्धापनदिनाला शिबिरात रांगा लागतात, एका दिवशी ढीगभर पिशव्या जमतात. त्यातल्या प्लेटलेट्स सहाव्या दिवशी बाद. पुढे डेंग्यूच्या दिवसांत, किंवा मे महिन्यात कॉलेजं बंद असताना, नातेवाईक गल्लोगल्ली दाता शोधत फिरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर येऊन पुण्याची वाट कित्येक दिवस बंद होती. अशा वेळी शहरात जेवढं आहे तेवढ्यावरच भागवावं लागतं. विनाकारण वापरलेली प्रत्येक पिशवी तेव्हा खरोखर दुसऱ्या कुणाच्या तोंडचा घास असते.

सात, पाच आणि मधली गल्ली

मी शिकत होतो तेव्हा हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की चढवा, असा सरसकट रिवाज होता. का, हे कुणी विचारत नसे. या दहाच्या आकड्याचं मूळ १९४२ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या भूलतज्ज्ञांनी लिहिलेल्या एका लेखात आहे. ऑपरेशनच्या आधी रुग्णाचं हिमोग्लोबिन आठ ते दहाच्या खाली असेल तर रक्त द्यावं, एवढीच ती सूचना. प्रयोग करून ठरवलेला तो आकडा नव्हता. तरी साठ वर्षं तो वॉर्डावॉर्डांत फिरत राहिला, आणि मोठ्यांचा आकडा मुलांनाही चिकटला.

मुलांवर खरा मोठा अभ्यास आला २००७ साली. अतिदक्षता विभागातली, पण रक्तदाब वगैरे स्थिरावलेली ६३७ मुलं. निम्म्यांना हिमोग्लोबिन ९.५ च्या खाली गेल्यावर लाल पेशी द्यायच्या, निम्म्यांना ७ च्या खाली गेल्यावरच. दुसऱ्या गटात रक्त ४४ टक्क्यांनी कमी लागलं, आणि अर्ध्याहून जास्त मुलांना एकदाही चढवावं लागलं नाही. अवयव निकामी होण्याचं प्रमाण? दोन्ही गटांत सारखंच, सुमारे १२ टक्के. म्हणजे आधीच्या रिवाजानं आपण जे जास्तीचं रक्त देत होतो, त्यानं त्या मुलांचं काही भलं झालेलं दिसत नव्हतं.

२०१८ मध्ये जगभरच्या बालअतिदक्षता तज्ज्ञांनी बसून जी एकमतानं सूत्रं केली, ती याच अंगानं जातात. हिमोग्लोबिन ५ च्या खाली असेल तर लाल पेशी द्या. ७ किंवा वर असेल आणि मूल स्थिर असेल तर देऊ नका. पाच ते सातच्या मधल्या गल्लीत आकडा बघून नाही, मुलाला बघून ठरवा.

मुलाला बघायचं म्हणजे काय? श्वास धापा टाकल्यासारखा चालतोय का, नाडी पळतेय का, यकृत वाढलंय का, मूल गुंगीत आहे का, दूध ओढताना थकतंय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिमोग्लोबिन किती दिवसांत पडलं. अपघातात तासाभरात रक्त गेलेलं मूल आणि सहा महिन्यांत हळूहळू फिकं पडलेलं मूल, दोघांचाही आकडा ६ असू शकतो. पहिल्याच्या शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळालेला नसतो, आणि ताजा रक्तस्राव चालू असताना आकडा बराच वेळ फसवा, चांगलाच दिसतो. तिथे आकड्याची वाट बघत बसणारा डॉक्टर चुकतो. दुसऱ्याच्या शरीरानं मात्र हळूहळू सवय करून घेतलेली असते. हृदय थोडं जास्त पंप करतं, लाल पेशी आपल्याकडचा प्राणवायू जास्त सहज सोडतात. म्हणून ५.८ वाला माझा पेशंट स्टेथोस्कोप चावत होता.

आफ्रिकेत युगांडा आणि मलावीमध्ये झालेला २०१९ चा अभ्यासही इथे आठवतो. हिमोग्लोबिन ४ ते ६, पण धोक्याची लक्षणं नसलेली दीड हजारावर मुलं. अर्ध्यांना लगेच रक्त, अर्ध्यांना लगेच नाही. महिन्याभरात मृत्यूंच्या संख्येत ठाम म्हणता येईल असा फरक पडला नाही. पण खाली बारीक अक्षरातलं वाचायलाच हवं. ‘लगेच नाही’ गटातल्या जवळपास निम्म्या मुलांना पुढे दवाखान्यात असतानाच रक्त द्यावं लागलं, कारण हिमोग्लोबिन ४ च्या खाली गेलं किंवा त्रास सुरू झाला. म्हणजे थांबायचं ते डोळ्यासमोर ठेवून, पुन्हा पुन्हा तपासत. घरी पाठवून ‘बघू’ म्हणणं वेगळं.

सातचा हा आकडा सगळ्यांना लागू नाही, हेही सांगून टाकतो. जन्मजात हृदयदोषामुळे निळी पडणारी मुलं, वाहतं रक्त न थांबलेली मुलं, शॉकमधली, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त न पुरणारी मुलं, अपुऱ्या दिवसांची बाळं, यांचे नियम वेगळे. थॅलेसेमियाचे, म्हणजे जन्मतःच अंगात धड लाल पेशी न बनणाऱ्या मुलांचे, तर पूर्ण उलटे, त्याकडे येतोच.

किती, आणि किती हळू

दहा किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर. ३५० मिलिलिटरची एक पिशवी म्हणजे त्याच्या अंगातल्या रक्ताच्या जवळपास निम्मं. मोठ्या माणसांच्या वॉर्डात ‘एक पिशवी लावा’ म्हणतात, ते मुलांत चालत नाही. इथे हिशोब किलोवर. लाल पेशी किलोमागे १० ते १५ मिलिलिटर, म्हणजे या मुलाला १०० ते १५०. त्यानं हिमोग्लोबिन दोन-तीननं वाढतं.

यात एक छोटी पण हुशारीची गोष्ट आहे. चांगल्या रक्तपेढ्या मोठी पिशवी बंद नळीतून लहान लहान पिशव्यांत विभागून ठेवतात. बाळाला आज ४० मिलिलिटर लागलं, चार दिवसांनी पुन्हा ४० लागलं, तर दोन्ही वेळा त्याच दात्याचं देता येतं. दाता एक, धोका एकाचाच. पण वॉर्डात उघडलेली पिशवी अर्धी वापरून ‘उरलेलं संध्याकाळी लावू’ म्हणून ठेवायची नाही. फ्रिजबाहेर काढल्यापासून चार तासांत संपलं पाहिजे, उरलं तर टाकून द्यायचं. नातेवाइकांना हे उधळपट्टी वाटतं, पण त्या कोमट पिशवीत जंतू वाढायला वेळ लागत नाही.

वेगाबद्दल शेतकऱ्याला सांगायला लागत नाही. सुकलेल्या वाफ्यावर मोटरचं पाणी एकदम सोडलं तर पीक जगत नाही, बांध फुटतो. महिनोन्‌महिने रक्त कमी असलेल्या मुलाचं हृदय आधीच थकलेलं असतं. त्यावर भसाभस रक्त सोडलं तर फुप्फुसात पाणी भरतं. अशा मुलांना किलोमागे ५ मिलिलिटरसारख्या छोट्या हप्त्यांत, तासन्‌तास, हळूहळू द्यावं लागतं. ‘एवढा वेळ का लागतोय?’ म्हणून सलाईनचं चाक आपल्या हातानं फिरवणारे काका प्रत्येक वॉर्डात एक तरी असतात. कृपा करून हात लावू नका. आणि पिशवी गार लागते म्हणून गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची नाही. लाल पेशी फुटतात, आणि फुटलेल्या पेशी अंगात गेल्या तर मूत्रपिंडावर येतं.

डेंग्यू आणि पेशींची भीती

जुलैपासून दिवाळीपर्यंत माझ्या फोनवर सगळ्यात जास्त येणारं वाक्य : “डॉक्टर, पेशी चाळीस हजारावर आल्यात!” कुणी ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतं, कुणी ‘प्लेटलेट’. दोन्ही एक नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. प्लेटलेट्स वाहतं रक्त थांबवतात, आणि भीती असते ती यांच्या आकड्याची. निरोगी मुलात त्या दीड लाखाच्या वर असतात.

डेंग्यूत मुलं सहसा प्लेटलेट्स कमी झाल्यामुळे दगावत नाहीत. दगावतात ती रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा पाझरून आतलं पाणी कमी पडल्यामुळे, शॉकमुळे. ही गळती बहुतेकदा ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत होते, म्हणजे नेमकी घरच्यांनी ‘ताप गेला, बरं वाटतंय’ म्हणून सुस्कारा सोडल्यावर. तेव्हा डॉक्टर बघतो हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचं प्रमाण किती), नाडी, रक्तदाब, हातपाय गार आहेत का, लघवी किती झाली. सलाईन किती द्यायचं, कधी कमी करायचं, यावर डेंग्यूचा खेळ जिंकला जातो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं : यांतलं काही दिसलं तर आकडा दीड लाख असला तरी धावत या.

मग प्लेटलेट्स केव्हा? रक्तस्राव होत असेल तेव्हा. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसताना दहा हजारांच्या खाली गेल्यावर विचार करता येतो. सिंगापूर आणि मलेशियात मोठ्या माणसांवर केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट्स दिल्यानं रक्तस्राव टळला नाही. बाहेरून घातलेल्या प्लेटलेट्स डेंग्यूच्या अंगात फार काळ टिकत नाहीत, आणि दोन-चार दिवसांत शरीराच्या स्वतःच्या वर येतातच. वर आल्या की श्रेय पिशवीला मिळतं, किंवा पपईच्या पानाच्या रसाला. पपईवर माझं भांडण नाही, पण उलट्या करणाऱ्या पोराला तो कडू रस पाजून त्याच्या पोटातलं उरलंसुरलं पाणीही बाहेर काढू नका.

दुसरा आजार सांगतो, ज्यात आकडा याहून भयंकर दिसतो. चार वर्षांची मुलगी, पंधरा दिवसांपूर्वी सर्दी-खोकला होऊन गेला, आता अंगावर मार न लागता काळेनिळे डाग. प्लेटलेट्स आठ हजार. मुलगी मात्र वॉर्डात लंगडी खेळतेय. हा बहुतेकदा आयटीपी असतो. शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स शत्रू समजून मारतं. इथे बाहेरून घातलेल्याही तितक्याच चटकन मारल्या जातात. जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तरच द्यायच्या. एरवी लक्ष ठेवणं, किंवा स्टिरॉइड, किंवा इम्युनोग्लोब्युलिन. याउलट कॅन्सरच्या औषधांनी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, थंडावलेल्या मुलाला आकडा दहा हजारांखाली गेला की रक्तस्राव नसतानाही देतात, कारण त्याच्या अंगात नवीन बनतच नाहीत. आकडे तिघांचे सारखेच खाली, पण कारण वेगळं म्हणून उत्तरं तीन.

‘जास्त दिल्यानं काय बिघडतंय?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक अभ्यास पुरेसा आहे. अपुऱ्या दिवसांच्या ६६० बाळांवरचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. एका गटाला प्लेटलेट्स ५० हजारांखाली गेल्या की द्यायच्या, दुसऱ्याला २५ हजारांखाली. जास्त उदारपणे दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के बाळांत झाला, हात राखून दिलेल्या गटात १९ टक्के. रक्तस्राव टाळण्यासाठी दिलेल्या पिशव्यांनी त्या इवल्या जिवांचं नुकसानच केलं. हा अभ्यास वाचला त्या रात्री मला आधी दिलेल्या कितीतरी पिशव्या आठवल्या.

प्लाझ्माबद्दल थोडक्यात. त्यात रक्त गोठवणारे घटक असतात. ते घटक कमी पडून रक्तस्राव होत असेल तर प्लाझ्मा. ‘ताकदीसाठी’, सुजेसाठी, प्रोटीन वाढावं म्हणून, किंवा नुसता गोठण्याचा रिपोर्ट थोडा वाकडा आलाय म्हणून द्यायचा नाही. घोणस किंवा फुरसं चावलेल्या मुलाचं रक्त गोठत नाही, तेव्हा आधी प्रतिविष. विष अंगात फिरत असताना ओतलेला प्लाझ्माही ते गिळून टाकतं. आणि जन्मतः ‘व्हिटॅमिन के’चं इंजेक्शन चुकलेल्या बाळाला महिन्याभरानं रक्तस्राव झाला, तर प्लाझ्माच्या बरोबरीनं ते साधं, स्वस्त इंजेक्शन लागतंच. खरं तर ते वेळेवर दिलं असतं तर पिशवीची पाळीच आली नसती.

“माझंच घ्या”

आता बाही वर केलेल्या बापाकडे. बापाचं रक्त पोराला सगळ्यात चांगलं जुळणार, हे इतकं स्वाभाविक वाटतं की नाही म्हणताना मलाच अपराधी वाटतं. पण गोष्ट उलटी आहे. दात्याच्या रक्तातून थोड्या पांढऱ्या पेशीही येतात. परक्याच्या असतील तर मुलाचं शरीर त्यांना ओळखून संपवतं. सख्ख्या नातेवाइकाच्या असतील तर त्या घरच्यासारख्या दिसतात, शरीर त्यांना हाकलत नाही. मग त्याच पेशी आत मुक्काम ठोकून मुलाची कातडी, यकृत, आतडी आणि अस्थिमज्जा यांच्यावर उलटतात. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर मूल सहसा वाचत नाही. ते टाळायला पिशवीवर किरणांचा मारा करावा लागतो, नुसतं गाळून भागत नाही, आणि ती सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते. म्हणून आई-बाप, काका-मामांनी रक्त जरूर द्यावं, पण ते पेढीच्या साठ्यात जाऊ द्यावं.

‘ताजं’ रक्तही असंच. कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय असलेल्या गावाला ताजं ते चांगलं हे पटवून द्यावं लागत नाही, उलट सोडवावं लागतं. २०१९ सालीच दीड हजाराच्या आसपास अत्यवस्थ मुलांत सात दिवसांच्या आतलं रक्त आणि नेहमीच्या साठ्यातलं रक्त यांची तुलना झाली. फरक पडला नाही. शिवाय दात्याच्या हातातून थेट आलेल्या गरम रक्ताची तपासणी कधी होणार? एचआयव्ही, दोन्ही काविळी म्हणजे बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या पाच चाचण्या कायद्यानं बंधनकारक आहेत. त्या पार पडूनही दात्याला नुकताच संसर्ग झाला असेल, तर चाचणीत न दिसण्याचा एक काळ उरतोच. धोका खूप कमी, पण शून्य नाही. मूल अजून साठ-सत्तर वर्षं जगणार असतं, म्हणून मी ही छोटी शक्यताही मोजतो.

गट जुळला म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बॉम्बे ग्रुप’ साध्या तपासणीत ‘ओ’सारखा दिसतो, पण त्या माणसाला ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेततं. हे पकडलं जातं क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे मुलाचा नमुना आणि त्या विशिष्ट पिशवीतला नमुना प्रत्यक्ष एकत्र करून. चार महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आईचाही नमुना मागतात, कारण बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्यं फिरत असतात. सिस्टर ‘आईचं रक्त काढायचंय’ म्हणाली तर घाबरू नका.

पण चुका प्रयोगशाळेत कमी आणि पलंगापाशी जास्त होतात. घाईत नमुन्यावर चुकीचं नाव, शेजारच्या कॉटवरची पिशवी. आमच्याकडे तर एकाच वॉर्डात दोन ‘स्वराज पाटील’ सहज असतात. म्हणून पिशवी लावताना सिस्टर दुसऱ्या सिस्टरला हाक मारून नाव, नोंदणी क्रमांक, गट, पिशवीचा क्रमांक मोठ्यानं वाचते. तेव्हा तुम्हीही उभे राहा आणि ऐका. पहिली पंधरा मिनिटं मुलाजवळून हलू नका. थंडी भरणं, अंगावर गांधी, धाप, कंबरेत दुखणं, लालसर-काळी लघवी, किंवा मूल विनाकारण किंचाळायला लागणं, यांतलं काहीही दिसलं की हाक मारा. पिशवी लगेच थांबवायची असते, ‘जरा बघू’ म्हणायचं नसतं.

आधी नमुना, मग पिशवी

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. बाहेरगावी कुठेतरी रक्त चढवून झालं की मूल माझ्याकडे येतं आणि मी विचारतो, रक्त कमी कशानं झालं? उत्तर नसतं, आणि आता शोधताही येत नाही. अंगात दुसऱ्याचं रक्त मिसळल्यावर थॅलेसेमियाची तपासणी तीनेक महिने धड करता येत नाही. बी-१२ किंवा लोहाचे आकडेही गढूळ होतात. पिशवी लावायच्या आधी दोन-तीन मिलिलिटर रक्त वेगळं काढून ठेवलं असतं तर सगळं कळलं असतं. डॉक्टरांना एवढं एक वाक्य विचाराच : “तपासणीसाठी आधी नमुना काढून ठेवलाय ना?”

कारण थॅलेसेमिया निघाला तर हिशोबच बदलतो. या मुलांना सातची वाट बघायची नसते. हिमोग्लोबिन ९.५ ते १०.५ च्या खाली जाऊ न देता दर दोन ते पाच आठवड्यांनी, आयुष्यभर लाल पेशी द्याव्या लागतात, नाहीतर हाडं वेडीवाकडी होतात, वाढ खुंटते. प्रत्येक पिशवीतून २०० मिलिग्रॅमहून जास्त लोह अंगात साठतं, ते काढायला वेगळी औषधं. कमी रक्त वापरा असं मी वर इतकं लिहिलंय, ते वाचून कुणी थॅलेसेमियाच्या मुलाची पिशवी पुढे ढकलू नये, म्हणून मुद्दाम सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल धरलेले आहेत. यांच्या नातेवाइकांकडे बदली दाता, म्हणजे पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा माणूस, मागायचा नसतो.

आणि कारण साधं निघालं तर? मी त्या बापाला विचारलं, “दूध किती पितो?”

“दीड लिटर तरी. घरात दोन म्हशी हायत की. दुसरं काय खातच न्हाई.”

झालं. दुधात लोह जवळपास नसतं, वर त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही, आणि पोट भरल्यामुळे भाकरी-आमटी आत जायला जागा उरत नाही. कोल्हापूरच्या बाळसेदार, पांढऱ्या पोरांचं हे नेहमीचं दुखणं. आधी नमुना काढला, तीन दिवस वॉर्डात ठेवून नाडी-श्वास बघितला, किलोमागे ३ मिलिग्रॅम या हिशोबानं लोहाचं औषध सुरू केलं, दूध दिवसाला दोन कपांवर आणलं. लोह दिल्यावर आठवड्याभरात नव्या लाल पेशी रक्तात दिसायला लागतात, तशा दिसल्या. हिमोग्लोबिन नीट झालं तरी औषध पुढे दोन-तीन महिने चालू ठेवायचं, हे मी चिठ्ठीवर दोनदा अधोरेखित केलं, कारण पोरगं लाल दिसायला लागलं की बाटली कपाटावर जाते.

तीन आठवड्यांनी आले तेव्हा आकडा ८.३. पोरगं आमटीत कुस्करलेली भाकरी खायला लागलं होतं. सोबत आजी होती, ती मात्र माझ्यावर नाराज. “पोराच्या तोंडचं दूध काढलंत,” म्हणाली. मग थोडं थांबून, “आता ते संस्थेला जातंय. फॅट चांगली लागतीया, ते एक बरं.”